भिंतीचा प्रसाद

भिंतीवरची बुरशी घालवण्याच्या बाबतीत माझा हात धरील असा माणूस सबंध तंजावूर जिल्ह्यात नाही! हे मलाच सांगावं लागतंय, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमची गोमती तर हा विषय निघाला की तोंडाला पदर लावून आत निघून जाते. हसायला जाते की रडायला, हे मी अजून विचारलेलं नाही. तेव्हा खरं काय घडलं ते तुम्हीच ऐका आणि ठरवा.

मी सेतुराम, कुंभकोणच्या तालुका कचेरीत हेडक्लार्क. भोसल्यांचं राज्य साहेबाने घशात घातलं त्याला पन्नास वर्षं होऊन गेली, पण आम्ही तंजावूरकर मराठी माणसं अजून घरात मराठी बोलतो, बाहेर तमिळ बोलतो आणि कचेरीत साहेबासमोर इंग्रजी बोलतो. या तिन्ही भाषांत माझंच म्हणणं बरोबर असतं. कचेरीतले लोक हे मान्य करतात, घरात थोडी अडचण आहे.

दिवाळीच्या चार दिवस आधी तंजावूरहून मीनाक्षीमावशींचं पत्र आलं. मावशी म्हणजे गोमतीच्या आईची बहीण. गोमतीची आई लवकर गेली आणि या बालविधवा मावशीनेच तिला वाढवलं. बाई मोठी मायाळू, पण मडी फार कडक! मडी म्हणजे आमच्याकडचं सोवळं. मावशी मडीत असल्या की कावळासुद्धा आमच्या अंगणावरून न जाता शेजारच्या घरावरून वळसा घालून जातो. पत्र असं होतं:

“चिरंजीव गोमतीस मीनाक्षीचे अनेक आशीर्वाद. तुज आठवा लागला म्हणोन कळलें, संतोष जाहला. कार्तिकांत षष्ठीचे दिवशीं येतें. बाळंतपण मीच करीन. परंतु मागले खेपेस तुझे स्वैपाकघरीं भिंतीस हिरवें आलें होतें, तें मीं पाहिलें. तसले भिंतीखालीं शिजलेलें मज चालायचें नाही. भिंत तशीच असली तर केळीं खाऊन दोन दिवस राहीन आणि परत जाईन.”

गोमतीने पत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा घडी केली. याआधी दोन वेळा तिला दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चार-पाच महिन्यांत आमचं घर पुन्हा गप्प झालं होतं. यंदा वैद्यांनी तंबी दिली होती, बैलगाडी नाही, आगगाडी नाही, घराचा उंबरासुद्धा जपून ओलांडायचा. म्हणजे तिने मावशीकडे जायची सोय नव्हती, मावशीनेच यायला हवं होतं.

“मावशी जवळ नसली तर मज भय वाटतें,” ती म्हणाली.

गोमती कधी कशाचं भय वाटतं असं म्हणणारी बाई नव्हे. एकदा तिने न्हाणीघरात साप पाहिला तेव्हा मला हाक मारली नाही, स्वतःच काठी शोधली. त्यामुळे मला आत कुठेतरी लागलं. पण पुरुषाला लागलं की तो फुशारकी मारतो, तशी मी मारली.

“येवढेंच ना! आठ दिवसांत भिंतीचा आरसा करितों!”

आता ती भिंत कशी होती ते सांगतो. आश्विन-कार्तिकात आमच्याकडे आभाळ फाटतं. त्या पावसात स्वैपाकघराच्या पश्चिमेच्या भिंतीवर खाली काळं, वर हिरवं आणि मधूनमधून पांढरे ठिपके असा सगळा संसार थाटलेला होता. वासही होता. पण माझ्याकडे इंग्रजी विद्या होती! कचेरीच्या रद्दीत मला एकदा साहेबाच्या मडमेने टाकून दिलेलं घरगुती उपायांचं पुस्तक सापडलं होतं. त्यात लिहिलं होतं की भिंतीवरच्या बुरशीला व्हिनेगर लावावं. व्हिनेगर म्हणजे शेवटी काय? आंबट पाणी! कुंभकोणात व्हिनेगर कुठून मिळणार? पण तंजावूरकराच्या घरात आंबटाला काय तोटा? चिंच नसलेल्या भाजीकडे आम्ही बघतही नाही. घरात चार दिवसांचं ताक होतं, नाकाला झोंबणारं.

“ताक? भिंतीस?” गोमतीने विचारलं.

“शास्त्र आहे.”

“कोणाचें शास्त्र?”

“इंग्रजांचें!”

“इंग्रज ताक करितात कां?”

मी धोतर खोचलं आणि केरसुणीने सबंध भिंतीला ताक चोपडलं. दिवाळीचं अभ्यंगस्नान मी उरकलं ते भिंतीचं उरकल्यानंतर!

तिसऱ्या दिवशी भिंतीला लव फुटली. मांजराच्या पाठीवरून हात फिरवावा तशी मऊ, दाट, पांढरी लव! इतके दिवस ती बुरशी बिचारी उपाशीपोटी दिवस काढत होती, मी तिला जेवू घातलं. मग मुंग्या आल्या. मग शेजारच्या पांडुरंगरावांची मांजर आली आणि भिंत चाटू लागली. गोमती चुलीपाशी बसून त्या मांजरीकडे बघत राहिली आणि माझ्याकडे मुळीच बघितलं नाही. ते मला जास्त झोंबलं.

मग मी मान खाली घालून स्वामीनाथ गवंड्याला बोलावलं. स्वामीनाथ म्हातारा, हाताने निष्णात आणि तोंडाने फटकळ. तो तमिळ बोलतो आणि मला सामी, म्हणजे स्वामी म्हणतो; त्याचं बोलणं मी इथे मराठीत देतो. त्याने भिंतीला नाक लावलं.

“सामी, या भिंतीला दही लावलंय का कोणी?”

“ताक.”

“ताक,” तो आदराने म्हणाला आणि जरा वेळ परसात जाऊन बसला. त्याचे खांदे हलताना मला खिडकीच्या फटीतून दिसत होते.

परत आल्यावर त्याने सगळीकडे बघितलं. स्वैपाकघराची एकुलती एक खिडकी बंद होती. ती नेहमीच बंद असते. शिजत्या अन्नावर परक्याची नजर पडू नये म्हणून. वर आढ्याजवळ आडवी बांबूची काठी होती आणि तिच्यावर गोमतीचं ओलं नऊवारी लुगडं लोंबत होतं. मडीचं लुगडं धुतलं की ते घरातच उंचावर वाळत घालायचं, म्हणजे कोणाचा हात लागत नाही आणि सकाळी ते नेसून स्वैपाक करता येतो. आमच्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या असंच चालतं.

“पाणी पावसाचं नाही सामी,” स्वामीनाथ म्हणाला. “पाणी या लुगड्याचं आणि चुलीवरच्या वाफेचं. त्याला बाहेर जायला वाट नाही, म्हणून ते भिंतीत शिरतंय. खिडकी उघडा, लुगडं बाहेर वाळत घाला. फुकटचं औषध आहे.”

“ते होणार नाही.”

“का?”

“मडी!”

“मग बुरशीसुद्धा मडीतच राहील. तिलाही कोणी शिवणार नाही.”

मी त्याला ठणकावून सांगितलं, खिडकी आणि लुगडं सोडून काय असेल ते बोल. तेव्हा तो म्हणाला की जुना गिलावा खरवडून काढायचा, चुना, वाळू, हिरड्याचं पाणी आणि ताडगूळ यांचा नवा गिलावा चढवायचा. त्यावर अगदी बारीक चुन्याचा शेवटचा हात द्यायचा आणि तो गारगोटीने दिवसभर घोटायचा.

“आणि त्या शेवटच्या हातात,” त्याने आवाज खाली आणला, “अंड्यातलं पांढरं. तीस अंडी लागतील. मग भिंत पाणी पीत नाही, बुरशीला पाय ठेवायला जागा राहत नाही.”

मी दाराकडे बघितलं. गोमती अंगणात होती. हा शब्द आमच्या स्वैपाकघरात उच्चारला गेल्याची घराण्यात कोणाला आठवण नसेल!

“अरे, ब्राह्मणाच्या स्वैपाकघरात!”

“बिनअंड्याचा करतो सामी. माझं काय जातंय? पंधरा दिवसांत हिरवं परत येईल.”

पंधरा दिवस! मावशी दोन महिने राहायच्या होत्या.

“चुन्यात गेलं की त्याचं अंडंपण जातं,” स्वामीनाथ म्हणाला. “मग तो चुनाच.”

कचेरीत बावीस वर्षं कायदे उतरवून काढलेल्या माणसाला हा मुद्दा पटला. मी म्हटलं, “मग गुपचूप घेऊन ये.”

“मी? सामी, मला स्कंदषष्ठीचं व्रत आहे. षष्ठी उलटेपर्यंत मी अंड्याला शिवणार नाही. तुम्ही आणा, तुम्ही फोडा, पांढरं तेवढं चुन्याच्या घमेल्यात घाला. पुढचं माझ्याकडे.”

बघा दैव! हे काम येणाऱ्या गवंड्याला नेमकं व्रत, आणि ज्याला व्रत नाही असा एकच माणूस उरला, तो मी!

चार दिवस खरवडणं, धूळ, नवा गिलावा आणि तो वाळवायला शेगड्या. गोमती पडवीत स्वैपाक करत होती. पंचमीला मी कचेरीतून रजा काढली आणि सकाळच्या गाडीने तिरुविडैमरुदूर गाठलं. कुंभकोणात अंडी घेणं शक्यच नव्हतं, तिथे मला कोंबड्यासुद्धा ओळखतात. तिरुविडैमरुदूरच्या स्टेशनामागच्या गल्लीत एक म्हातारी अंडी विकते असं ऐकलं होतं. मी डोक्याला उपरणं गुंडाळून तिच्यासमोर उभा राहिलो.

“किती?”

“तीस.”

“अय्यो! घरात कोण आजारी आहे?”

“भिंत,” माझ्या तोंडून निघून गेलं.

तिला काय ऐकू आलं कोण जाणे, बिचारी कळवळली आणि दोन अंडी वर दिली. मी टोपलीत गवत घातलं, त्यात बत्तीस अंडी मांडली, वर विड्याची पानं पसरली आणि कोणाला शंका येऊ नये म्हणून शेवंतीचे दोन गजरे घेऊन त्यावर ठेवले. टोपली इतकी सोज्वळ दिसू लागली की मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

कुंभकोणला उतरलो. समोरच्या रुळावर तंजावूरची गाडी येऊन थांबली होती. तिच्याकडे मी बघितलंसुद्धा नाही.

“सेतुराव!”

मी वळलो. मीनाक्षीमावशी! हातात बोचकं, खांद्यावर जपाची पिशवी!

“षष्ठीस प्रवास नको म्हणोन पंचमीसच आलें,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कोठोन येतां?”

“ति... तिरुविडैमरुदूराहून.”

त्यांची नजर टोपलीवर गेली. पानं, फुलं. मग माझ्या चेहऱ्यावर आली आणि बाईंचे डोळे पाणावले.

“तेथें महालिंगाचे देवळास गेलां होतां? आमचे गोमतीसाठीं?”

आता सांगा, माणसाने काय करावं? मी मान हलवली. तोंडाने एक शब्द बोललो नाही. नुसतं मान हलवणं म्हणजे साक्ष नव्हे, असं मी तेव्हा मनात म्हणत होतो.

“आणि प्रसाद असा वहाणा घालोन धरिला? द्या इकडे!”

“मावशी, नको, जड आहे...”

“देवाचें जड कधीं होतें?” त्यांनी टोपली माझ्या हातातून काढून घेतली, कपाळाला लावली आणि पदराखाली धरली. पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात. इथे एकदम बत्तीस पवित्र झाली!

आम्ही घोड्याची जटका केली. रस्ता पावसाने खणून काढलेला. प्रत्येक खड्ड्याला मावशी टोपली मांडीवर घट्ट धरून ओरडत, “हळू हांक रे, प्रसाद आहे!” आणि त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी ओरडत होतो. मोठ्या तळ्याच्या वळणावर चाक दगडावर चढलं आणि पानांखाली बारीक ‘टक्’ झालं.

“काय वाजलें?”

“माझा गुडघा,” मी म्हणालो.

“वातावर सुंठ घ्या,” मावशी म्हणाल्या.

घरी आल्यावर गोमतीला मिठी मारायच्या आधी त्यांनी टोपली देवघरात ठेवली. मग प्रवासाचा विटाळ धुवायला विहिरीवर गेल्या. आल्या त्या थेट देवघराकडे वळल्या.

“प्रसाद उघडितें. पोरीचे तोंडीं कण घालूं.”

“नाही!” मी इतक्या जोराने किंचाळलो की गोमती दचकली. “हा प्रसाद... हा प्रसाद भिंतीचा आहे!”

मग एकदा सुटलेली जीभ कुठे थांबते? मी सांगितलं, पुजाऱ्याने बजावलंय की हा प्रसाद स्वैपाकघराच्या भिंतीला लावायचा, तो चुन्यात कालवायचा घरच्या यजमानाने स्वतःच्या हाताने, एकांतात, आणि दुसऱ्या कोणाची त्यावर नजर पडता कामा नये. बोलता बोलता मला वाटलं, ही बाई आता मला वेड्यात काढणार. पण मावशींनी हात जोडले.

“महालिंगाचें सगळें असेंच कडक असतें,” त्या म्हणाल्या आणि टोपलीसमोर समई लावली. गोमतीने माझ्याकडे बघितलं. ती मला नऊ वर्षं ओळखते.

षष्ठीच्या सकाळी मी गोठ्यात दार लावून बसलो. एका हाताशी घमेलं, दुसऱ्या हाताशी करवंटी. पहिलं अंडं फोडलं ते धोतरावर. दुसऱ्याचं पांढरं आणि पिवळं वेगळं करताना करवंटी अशी आपटली की गाय उठून उभी राहिली. दाराबाहेर मावशी जपाला बसल्या होत्या. आत ‘टक्’ वाजलं की बाहेरून “नारायण!” येई. टक्, नारायण! टक्, नारायण! एकतीस वेळा! बत्तिसावं जटकेतच फुटलं होतं. पिवळं सगळं मी केळीच्या मुळाशी पुरलं आणि धोतरासकट तीन वेळा आंघोळ केली.

“येवढ्या लहान नारळांचा प्रसाद मीं कधीं ऐकिला नाही,” मावशी म्हणाल्या.

“दुर्मिळ असतात,” मी म्हणालो.

स्वामीनाथने दिवसभर गारगोटीने भिंत घोटली. वास लपवायला मी दोन दिवस इतकी सांब्राणी धुपवली की गाय खोकू लागली. पण भिंत! काय सांगू! शुभ्र, गुळगुळीत, हात ठेवला तर घसरावा अशी. मावशी मडीत येऊन तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि भिंतीत त्यांचा चेहरा अंधुक दिसला. मावशींनी चाळीस वर्षांत आरसा बघितला नव्हता. त्या क्षणभर थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चुलीकडे वळल्या.

“राजवाड्यांत असा चुना होता म्हणोन आजा सांगे,” त्या म्हणाल्या. “आतां मी राहतें.”

पुढचे चार दिवस फार सुखाचे गेले. मावशी मिऱ्यांचं सार आणि मऊ भात करीत, गोमतीला समोर बसवून खाऊ घालीत, तिच्या पायांना तेल चोळीत. गोमती लहान मुलीसारखी हट्ट करायला लागली. घरात पुन्हा हसणं ऐकू येत होतं. माझ्या पापाचं एवढं गोड फळ येईल असं मला वाटलं नव्हतं.

पण सुखाने मावशींच्या पोटात राहावं ना! दशमीला पांडुरंगराव आले. तेच ते, ज्यांची मांजर आमची भिंत चाटून गेली. आमच्या गल्लीतल्या विठ्ठलाच्या मठाची सगळी व्यवस्था त्यांच्याकडे असते. आले ते माझ्या पायाला हात लावायला वाकले.

“सेतुराव, मीनाक्षीबाईंनीं सगळें सांगितलें! मठाचें स्वैपाकघर काळें पडलें आहे. जेथें विठोबाचा नैवेद्य शिजतो तेथें बुरशी! पौर्णिमेची समाराधना आली. महालिंगाचा प्रसाद आणोन तेवढा शेवटचा हात द्यावा.”

“सेतुराव आपले हातें देतील!” मावशी आतून म्हणाल्या.

“पण पुजारी पुन्हा देणार नाही,” मी घाईने म्हणालो. “एका माणसास एकदांच देतो.”

“मग मी येतें उद्यां तुमचेसंगें. त्याचे पायां पडोन मागेन.”

माझ्या डोळ्यांसमोर आलं ते असं. स्टेशनामागची गल्ली, कोंबड्यांची खुराडी, आणि त्या म्हातारीच्या पायांवर डोकं ठेवलेल्या मीनाक्षीमावशी! मी पांडुरंगरावांना कसंबसं वाटेला लावलं आणि कोठीच्या खोलीत जाऊन गोमतीला सगळं सांगून टाकलं.

“बत्तीस?” तिने आधी एवढंच विचारलं.

मग ती हसायला लागली. भाताच्या पोत्यावर बसून, पोट धरून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात पदर कोंबून हसली. मी घाबरलो, वैद्यांनी हसण्याबद्दल काही सांगितलं नव्हतं. आणि मग एकाएकी तिचं हसू गेलं.

“मावशीस सांगितलें तर ती जाईल.”

“होय.”

“आणि न सांगितलें तर?”

“तर विठोबाचे चुलीवर... तेंच.”

तिने पोटावर हात ठेवला.

“सांगा,” ती म्हणाली.

“अगो, पण तुझें बाळंतपण!”

“मज भय वाटतें. तरी सांगा. विठोबास फसवोन त्याचेकडेच मूल कसें मागूं?”

त्या बाईपुढे मला माझी हेडक्लार्की फार लहान वाटली. मी उठलो. मावशी तुळशीपाशी वाती वळत होत्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि ताकापासून केळीच्या मुळापर्यंत सगळं सांगितलं. खिडकी आणि लुगड्याचं सांगितलं, म्हातारी सांगितली, गोठा सांगितला. शेवटी स्वतःचा बचावही मांडला.

“मावशी, तो गवंडी म्हणतो, चुन्यांत गेलें कीं तो चुनाच—”

“उगे राहा.”

मावशी उठल्या आणि भर पावसात विहिरीवर गेल्या. एक घागर डोक्यावर. दुसरी. तिसरी. चाळीसपर्यंत मी मोजल्या, पुढे मोजवेना. ओलेत्याने आत आल्या, लुगडं बदललं आणि स्वैपाकघरातून आपली पितळी भांडी एकेक करून बाहेर काढू लागल्या. बोचकं बांधलं. जपाची पिशवी घेतली. गोमती खांबाला धरून उभी होती. तिने मावशीला “थांब” म्हटलं नाही, नुसती बघत होती. तिचा तो चेहरा मला आजही नको वाटतो.

“गाडी आणूं कां, मावशी?” मी विचारलं.

“गाडी कशास?”

बोचकं घेऊन त्या निघाल्या, पण पुढच्या दाराने नाही, मागच्या! परसात शेवग्याच्या झाडाखाली त्यांनी तीन धोंडे मांडले आणि वर पातेलं ठेवलं.

“भिंत बाटली,” त्या म्हणाल्या. “पोर कोठें बाटली? पोर माझी आहे. लांकडें आणा. कोरडीं पाहोन आणा.”

गोमती तिथेच उंबऱ्यावर बसून मोठ्याने रडली. मलाही डोळे पुसावे लागले. धूर झाला म्हणून सांगितलं असतं, पण चूल अजून पेटली नव्हती.

“आणि छत्री आणा,” मावशी म्हणाल्या. “पाऊस काय तुमचा महालिंग धरील?”

पांडुरंगरावांना त्यांनी स्वतःच निरोप धाडला: प्रसाद संपला, खिडकी उघडा आणि ओलीं लुगडीं बाहेर वाळत घाला, तेंच औषध. मठाची भिंत म्हणे आता बरी आहे.

त्या दिवसापासून कचेरीची काळी छत्री घेऊन मी सकाळ-संध्याकाळ परसातल्या चुलीपाशी उभा! कार्तिक गेला, मार्गशीर्ष आला, पाऊस काही जाईना. मडीतल्या बाईला शिवायचं नाही, म्हणून हात लांब करून धरायची. छत्री चुलीवर, मी पावसात. कचेरीत माझे लाल डोळे बघून कारकून हळहळत, सेतुराव बायकोच्या काळजीने रडतात म्हणून. आणि आमची ती भिंत? आरशासारखी लखलखीत, एक ठिपका नाही! आत चूल नाही, ओलं लुगडं नाही, खिडकी सताड उघडी. एकदा स्वामीनाथ वाटेत भेटला तेव्हा मी विचारलं, बाबा रे, मग अंडी लागतच नव्हती की काय? “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं सामी,” तो म्हणाला.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी गोमतीला कळा लागल्या. सुईण आत गेली, मावशी आत गेल्या, दार लागलं. मला हुकूम होता, गरम पाणी तयार ठेवा. पाऊस असा कोसळत होता की शेवगा वाकला होता. एका हाताने छत्री, दुसऱ्या हाताने फुंकणी, आणि कान सगळे त्या बंद दाराकडे. आधीच्या दोन्ही वेळची ती शांतता मला आठवत होती. मी विठोबाला म्हटलं, माझं काय असेल ते माझ्या नावावर लाव, तिला काही करू नकोस. किती वेळ गेला कळलं नाही. मग आतून एक आवाज आला. बारीक, रागीट, कोणाचंही ऐकून न घेणारा! मी छत्रीसकट दाराकडे वळलो.

दार उघडलं. मावशी उंबऱ्यात उभ्या होत्या, चेहऱ्यावरून घाम की अश्रू वाहत होते कळत नव्हतं.

“मुलगी! दोघी सुखरूप!” त्या ओरडल्या. मी आभाळाकडे तोंड करून काहीतरी बोलणार होतो, तोच त्या आणखी मोठ्याने ओरडल्या, “अहो सेतुराव, छत्री सरळ धरा! चूल विझली!”